फ्लेक्सवरच्या दोन समया

म्हाताऱ्या माणसाचा फोटो कुणी पुढे केला की यल्लाप्पाभाऊ आधी डोळे मिटतात. मिटल्या डोळ्यांनीच विचारतात, "हायत का?" गिऱ्हाईक म्हणालं, "हायत की, पंच्याहत्तरी हाय आबांची," की डोळे उघडतात आणि आबांच्या मिशांचं तोंडभर कौतुक करतात. गिऱ्हाईक गप्प राहिलं, तर तसाच हात पुढे करून फोटो घेतात आणि पुटपुटतात, "काय खरं न्हाय."

मंगळवार पेठेत त्यांचं फ्लेक्सचं दुकान आणि माझं फॉल-पिकोचं, यांच्यामध्ये फक्त प्लायवूडची एक भिंत आहे. त्यामुळे दिवसभरात कशाकशाचं खरं नाही ते मला बसल्या जागी कळतं. गॅसच्या टाकीचं खरं नाही, लिफ्टचं नाही, पुलावरून जाणाऱ्या एसटीचं तर मुळीच नाही. अनोळखी नंबरचा फोन आला की भाऊ माझ्या दारात उभे राहतात, मोबाईल पाल धरल्यासारखा लांब धरून. "ताई, तेवढा तुमी घ्या. मला भ्या वाटतंय." पलीकडे बहुतेक वेळा सिमकार्ड विकणारी एखादी पोरगी असते.

एक फोन मात्र ते स्वतः लावतात. सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावली की गडमुडशिंगीला, थोरल्या बहिणीला. आई लवकर गेली, तेव्हा या अक्कानंच भाऊंना वाढवलं. घराणं टोपल्या-कणग्या विणणारं, कैकाडी. भाऊ अक्काशी बोलणार ते कैकाडीतच, आणि माझ्या मशीनची घरघर चालू असते म्हणून ओरडून बोलणार. इतकी वर्षं ऐकून मला त्यातला एकच शब्द समजलाय, तन्नी. तन्नी म्हणजे पाणी. अक्का पुरेसं पाणी पीत नाही ही भाऊंची कायमची काळजी. पूर्वी घरात बायको ती भाषा बोलायची. आता बायकोच नाही. मुलं पुण्यात आहेत, त्यांना समजतं सगळं, पण बोलायला लाजतात.

दिवाळी झाली आणि भाऊंनी एकाएकी ठरवलं की आपली भाषा चालली, आता तिचे फ्लेक्स लावायचे. हे काम त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, छानशी टोपली काढा, चार फुलं टाका, लोक थांबून बघतील. त्यांना ते पटलं नाही. "गोड बोलून कोण ऐकतंय, ताई? मानूस भ्याल्याबिगर हलत न्हाय." आणि अख्ख्या पेठेत भिण्याचा एवढा अनुभव दुसऱ्या कुणाला होता?

पहिल्या फ्लेक्सवर विजेच्या खांबावर असते ती कवटी आली, लाल अक्षरात 'धोका' आला, आणि 'कैकाडी भाषा वाचवा' हे तळाशी, जेमतेम वाचता येईल इतक्या अक्षरांत. तो त्यांनी बांधला नेमका विजेच्याच खांबाला. खांबात करंट उतरलाय म्हणून बायका पोरांना ओढत पलीकडून जायला लागल्या. शेवटी वायरमन आला, खांब तपासला, शिव्या घालत फ्लेक्स काढून घेऊन गेला. गंमत म्हणजे पुढे कितीतरी दिवस भाऊ स्वतःच त्या खांबाच्या बाजूनं गेले नाहीत. एवढे लोक म्हणतात तर असेलही करंट, असं त्यांचं म्हणणं.

दुसरा फ्लेक्स कसबा बावड्याला, उसाच्या कडेला. सगळा काळोख, त्यात दोन पिवळे डोळे आणि वर 'ती निघाली आहे!' भाऊंच्या मनात भाषा होती. बावडेकरांच्या मनात बिबट्याची मादी आली. संध्याकाळ झाली की दारं लागायला लागली, उसाला पाणी पाजायला कुणी एकटं जाईना. मी हसून हसून बेजार झाले, पण भाऊंचा चेहरा उतरलेलाच होता. "लोकं भ्याली, ताई. पर भाषंसाठी कोन भ्यालं न्हाय."

तिसऱ्याला त्यांनी बराच वेळ घेतला. एका दुपारी मला बोलावून स्क्रीनवर दाखवला. काळ्या पार्श्वभूमीवर अक्काचा चेहरा, कपाळभर कुंकू, बोळकं हसू. खाली एवढंच, 'ही उरली. हिच्या मागं कोण?' कवटी नाही, डोळे नाहीत. मला खरंच आवडला. गडमुडशिंगीच्या फाट्यावर त्यांनी तो दुसऱ्या दिवशी सकाळी लावला. आता भाऊंच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात तयार फाईल कुठली असणार, तर श्रद्धांजलीची. तीच त्यांनी उघडली होती. हार काढला, 'भावपूर्ण' काढलं, 'श्रद्धांजली' काढलं. खालच्या कोपऱ्यांतल्या दोन समया तेवढ्या राहिल्या. त्या त्यांना दिसल्या नाहीत आणि मलाही दिसल्या नाहीत.

त्याच दुपारी भाऊ दारात, मोबाईल लांब धरून. मी घेतला. मिरजेहून कुणी लांबचा भाचा बोलत होता. त्याच्या व्हॉट्सॲपवर फ्लेक्सचा फोटो पोचला होता.

"अक्का कधी गेली? माती किती वाजता हाय?"

आवाज मोठा होता. मी फोनवर हात ठेवायच्या आत भाऊंनी ऐकलं आणि माझ्या स्टुलावर बसले.

"गेली?"

मी म्हटलं, भाऊ, अहो तुमचाच फ्लेक्स तो, त्याचा घोळ झालाय. त्यांच्या कानात काही शिरत नव्हतं. फाईल शेजारच्या स्क्रीनवर उघडीच होती, आणि करणाराच पांढराफटक पडला होता. अक्काशी रोज बोलणं व्हायचं ते तिच्या सुनेच्या मोबाईलवर, म्हणून मी सुनेला फोन लावला, तिनं उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. मग मात्र मलाही वाटलं, म्हातारं माणूस, काय सांगावं? दुकान तसंच टाकून आम्ही रिक्षा केली. सगळ्या वाटेत भाऊ एकदाही 'काय खरं न्हाय' म्हणाले नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

अक्काच्या दारात ही गर्दी. टोपीवाले पुरुष, तोंडाला पदर लावलेल्या बायका, आणि कुणा उत्साही पाहुण्यानं तिरडीचे बांबूसुद्धा आणून भिंतीला टेकवलेले. ते बघून भाऊ उंबऱ्याबाहेरच थांबले. डोळे मिटले.

"ताई, हाय का?"

मी आत डोकावले. "हायत की, भाऊ. चहा पितायत."

अक्का मधोमध खुर्चीवर बसून बशीतून चहा ओढत होती आणि जमलेल्या गोताची खरडपट्टी काढत होती. "वरीसभर कुनी फिरकला न्हाईसा, आन् माती द्याला बरं आलासा समदी? आता आलायसा तर जेवून जावा. आन् ते बांबू हितंच ठेवा, मांडवाला हुतील." बायका रडता रडता हसत होत्या. मीही पोट धरून हसत होते. हसता हसता मध्येच माझ्या लक्षात आलं, की मला तर सगळं कळतंय. अक्काचा शब्द न् शब्द.

मी भाऊंकडे बघितलं. ते हसत नव्हते. खुर्चीपाशी बसून त्यांनी अक्काचा हात धरला आणि त्यांच्या भाषेत हळूच काहीतरी विचारलं. मला त्यातलं तन्नी तेवढं कळलं.

"पिलं की रं मगाशी," अक्का म्हणाली. "किती इचारतोस?"

परतीच्या रिक्षात भाऊ म्हणाले, "दिवाळीपास्नं असंच हाय, ताई. मी आपल्या भाषंत बोलतोय, ती मराठीत उत्तर देतीया. सुना-नातवंडांत ऱ्हाऊन सवय लागली का इसरली, काय कळंना. इचारायचं भ्या वाटतंय. इसरले म्हनली, तर मी बोलू कुनासंगं?"

त्यांच्या इतक्या भीतींना मी हसले होते, पण या भीतीला हसण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी समया पुसून फ्लेक्स नव्यानं छापला. तो अजून फाट्यावर आहे. सकाळी उदबत्ती लागते, फोन लागतो. भाऊ एक वाक्य बोलतात, थांबतात, पुन्हा बोलतात. मी तेवढा वेळ मशीन बंद ठेवते, म्हणून आता त्यांना ओरडावं लागत नाही. अक्का कुठल्या भाषेत उत्तर देते ते मात्र भिंतीपलीकडून ऐकू येत नाही. विचारावं असं मला रोज वाटतं. पण आता मलाही भ्या वाटतं.