विसाचे सहा

"एक ढोबळ चूक सुटली होती तुझी. काढून टाकली," बाबा म्हणाले आणि समाधानाने चष्मा पुसू लागले.

मुलगी दंतवैद्यांना कार्ड पोचवून नुकतीच घरी आली होती. अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी विमा कंपनीतली नोकरी सोडून ती हाताने प्रेमाची कार्डं बनवायला लागली. तीही कुणासाठी, तर टेबलाभोवती बसून गोष्टीचा खेळ खेळताना योद्धे आणि जादूगार होणाऱ्या हौशी मंडळींसाठी. नातेवाइकांनी नाकं मुरडली. बाबा मात्र जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगत, "आमची मुलगी राक्षसांना प्रेमपत्रं लिहिते!" ते स्वतः चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. आपल्या घरातून चुकीचा शब्द बाहेर जाता कामा नये, एवढी जबाबदारी त्यांनी न मागता अंगावर घेतली होती.

"कुठली चूक?" मुलीने विचारलं.

"फाशाची. तू लिहिलं होतंस, 'राज्यं पाहिली, राक्षस पाहिले. तुला पाहिलं आणि फाशावर थेट वीस पडले.' वीस पडतील कसे? खात्री केल्याशिवाय मी कशाला हात लावत नाही. सापशिडीचा फासा काढला, बाजू मोजल्या, मगच ब्लेडने वीस खरवडून सहा केले. अक्षर हुबेहूब तुझं. शेवटी ते वळण मीच लावलंय ना!"

मुलगी मटकन खुर्चीत बसली.

"बाबा, त्यांच्या फाशाला वीस बाजू असतात."

"कुणाच्या?"

"या खेळणाऱ्यांच्या! काही करायचं म्हटलं की फासा टाकायचा. वीस म्हणजे विजय. सहा म्हणजे तोंडावर आपटणं. डॉक्टर आज त्यांच्यातल्याच एका बाईंना लग्नाचं विचारणार आहेत, आणि कार्ड सांगणार, तुला पाहिलं आणि माझं वाटोळं झालं!"

बाबांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला.

डॉक्टर म्हणजे भिडस्त माणूस. दाढ काढताना पेशंटच्या आधी तेच डोळे मिटत. खेळाची सूत्रं एका ग्रंथपालबाईंच्या हातात असत. गोष्ट त्या सांगत, फाशाचा निकाल त्याच देत. वर्षभर त्यांच्या शब्दाखातर डॉक्टर कुऱ्हाड परजत राक्षसांवर धावून गेले होते, पण बाईंशी दोन शब्द बोलायची हिंमत झाली नव्हती. कार्ड बनवायला सांगताना ते मुलीला म्हणाले होते, "मला बोलता येणार नाही. जे काय बोलायचं ते कार्डच बोलेल." ते कार्ड करायला तिला अकरा दिवस लागले होते.

तिने फोन लावला. कुणी उचलेना. खेळाला बसताना सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या डब्यात बंद होत, हे तिला आठवलं. तिने स्कूटर काढली. बाबा शर्टाची बटणं वरखाली लावून मागे बसले.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत खेळ रंगात आला होता. डॉक्टरांच्या खिशातून पाकिटाचा कोपरा डोकावत होता. मुलीने दारातूनच डोळे मोठे करून मान हलवली. ती धीर देतेय असं वाटून डॉक्टरांनी अंगठा दाखवला.

"जरा एक मिनिट..." बाबांनी सुरुवात केली.

"थांबा काका," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "इथे नियम आहे. टेबलाशी बोलायचं तर खेळायला बसायचं. तुम्ही कोण?"

"मुद्रितशोधक."

"तसं नाही हो, गोष्टीतले कोण?"

"गोष्टीतलाही मुद्रितशोधकच," बाबा ताठ मानेने म्हणाले आणि बसले. "मी या योद्ध्याच्या खिशातलं पाकीट काढून घेतो."

"बापरे, थेट चोरी! पंधराच्या वर पाडावे लागतील."

फासा हातात आला आणि बाबा चोरी विसरले. ते बाजू मोजायला लागले. "अठरा... एकोणीस... वीस! खरंच वीस आहेत गं!" ते मुलीला म्हणाले, जणू शंका तिलाच होती. मग त्यांनी फासा टाकला. चार पडले.

"मुद्रितशोधक पाय अडकून पडतो," बाईंनी जाहीर केलं, "आणि योद्धा सावध होतो."

योद्धा इतका सावध झाला, की हीच ती वेळ असं समजून त्याने पाकीट बाईंसमोर ठेवलं.

बाईंनी कार्ड काढलं. वर दात घासणारा ड्रॅगन होता. त्या खळखळून हसल्या. मग कार्ड उघडलं आणि हसू थांबलं.

"फाशावर थेट सहा?"

"सहा?" डॉक्टर पांढरेफटक पडले.

बाबा उठून उभे राहिले.

"बाई, ही चूक माझी. मुलीने वीसच लिहिलं होतं, डॉक्टरांनाही वीसच म्हणायचं होतं. मी शहाणपणा केला. चौतीस वर्षांत असं कबूल करायची वेळ आली नव्हती, पण तिच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं मला चालायचं नाही. तिच्या हातून चूक होत नाही."

मुलीने मान वळवली. ती भिंतीकडे बघत राहिली.

बाई डॉक्टरांकडे वळल्या. "वर्षभर तुमचे फासे बघतेय. वीस पडलेत कधी?"

"नाही."

"दहाच्या वर तरी?"

"एकदा. तो फासा टेबलाखाली गेला, तुम्ही धरला नाहीत."

"दर रविवारी आपटता, मार खाता, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसता. वीस पडल्यावर कुणीही लढेल हो. मला हा सहावालाच हवाय."

डॉक्टरांनी शेजारच्या जादूगाराला हळूच विचारलं, "म्हणजे हो का?" सगळी खोली एकदम "हो!" म्हणून ओरडली.

बाईंनी कार्ड बाबांपुढे धरलं. "काका, आता पुन्हा वीस करणार का?"

बाबांनी पेन मागून घेतलं, वाकले, आणि 'सहा'च्या खाली बारीक टिंबं दिली. "आमच्या धंद्यात याचा अर्थ, आहे तसंच राहू द्या."

मुलीने त्यांच्या हातून पेन घेतलं. कार्ड उलटं करून कोपऱ्यातल्या आपल्या सहीखाली तिने लिहिलं, 'मुद्रितशोधन : बाबा'. शेकडो पुस्तकं बाबांच्या हाताखालून गेली होती, पण एकावरही त्यांचा उल्लेख छापून आला नव्हता.

बाबांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. अक्षरं तपासली, ऱ्हस्वदीर्घ तपासले, पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"चूक नाही," एवढंच म्हणाले, आणि कार्ड काही केल्या परत देईनात.