'आय'चा रहिवासाचा दाखला

विश्राम कुबल यांच्या पश्चात त्यांच्या घरी राहणारा 'आय' हा जुना इंग्रजी शब्द सोमवारी सकाळी रहिवासाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात हजर झाला. सोबत विश्राम यांच्या पत्नी द्वारकाबाई होत्या.

अव्वल कारकून आचरेकर यांनी अर्जावरचं नाव वाचलं आणि दोघांना खिडकी क्रमांक तीनकडे पाठवलं. तिथे उत्पन्नाचे दाखले मिळतात. द्वारकाबाई परत आल्या. हा उत्पन्नाचा आय नव्हे, इंग्रजांचा 'होय' आहे, असं त्यांनी सांगितलं.

"मग तुमच्या घरी कसा?"

"आमचे हे बोटीवर खलाशी होते. कप्तानाने काही सांगितलं की आय म्हणायचं, अशी तिथली रीत. एकदा वादळात बोटीच्या पोटात पाणी शिरलं. खाली जाऊन झडप बंद कर, असं कप्तानाने सांगितलं. हे आय म्हणाले आणि गेले. महिन्याने त्यांची पेटी घरी आली. पेटीबरोबर हा आला. अकरा वर्षं झाली."

आचरेकरांनी नोंद घेतली. ज्या परक्या शब्दांचं मूळ सिद्ध होत नाही त्यांना महिनाअखेरच्या बोटीने परत पाठवावं, असा आदेश होता. त्यांनी शब्दाला समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"इंग्रजीत 'मी'ला जो शब्द आहे, तो तुमचा पूर्वज का?"

"आय," शब्द म्हणाला.

"की 'नेहमी' अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दापासून तुम्ही झालात?"

"आय."

"दोन्ही लिहिता येत नाही. बरं, परत जायला तयार आहात?"

"आय."

आचरेकरांनी संमती लिहिली. द्वारकाबाई बाकावरून उठल्या.

"भाऊ, तो कशालाही तेच म्हणतो. त्याला दुसरं येत नाही. इथं राहायचंय का, तेही विचारा."

आचरेकरांनी विचारलं. उत्तर आलं, तेही लिहिलं. एकाच कागदावर दोन उलट संमती झाल्यामुळे प्रकरण नायब तहसीलदार लोखंडे मॅडमकडे गेलं.

मॅडमनी कपाटातून जाड शब्दकोश काढला आणि उभ्यानेच बराच वेळ वाचला.

"साडेचारशे वर्षांपूर्वी हा एकदम लोकांच्या लिहिण्यात दिसायला लागला," त्या म्हणाल्या. "त्याआधी कुठे होता, हे कोशकारांनाही नक्की सांगता येत नाही. आचरेकर, कुठून आला तेच ठाऊक नाही, तर परत कुठे पाठवणार?"

आचरेकरांनी मूळ या रकान्यात 'माहीत नाही' असं लिहिलं.

"घरी काय करतो?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. जेवताना मी विचारते, आमटी बरी झालीय का. तो आय म्हणतो." द्वारकाबाईंनी पदर सारखा केला. "आवाज ह्यांचाच आहे."

मॅडमनी अर्ज उलटा केला.

"मागच्या बाजूला घरमालकाची संमती लागते. द्वारकाबाई, त्याला ठेवून घ्यायची तुमची इच्छा आहे?"

द्वारकाबाई टेबलाकडे बघत राहिल्या. त्यांच्या लग्नाला वडिलांनी हो म्हटलं होतं. विश्राम बोटीवर निघाले तेव्हा सासऱ्यांनी. पेटी आणणाऱ्याने तर अंगठा कुठे उठवायचा तेवढंच दाखवलं होतं.

"मला विचारताय?" त्या म्हणाल्या.

"तुम्हालाच."

आचरेकरांनी सवयीने शब्दाकडे पाहिलं. खोलीत कुणीही हो की नाही असा प्रश्न विचारला की उत्तर त्याच्याकडून येत असे. या वेळी तो गप्प बसला. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी खिडकी क्रमांक तीन कुठे आहे म्हणून विचारत होतं. शब्द तरीही बोलला नाही.

"होय," द्वारकाबाई म्हणाल्या.

मॅडमनी ते लिहून घेतलं, शिक्का मारला आणि पुढच्या अर्जदाराला आत बोलावलं.