नंबर ठेव, आलोच

हाईमकाका रांगेत उभे राहत नाहीत. बँक असो, दवाखाना असो, कॉफीचं दुकान असो, आत शिरायचं, सगळ्यांकडे एकदा बघायचं आणि मोठ्याने विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी बिचारा दचकून हात वर करतो. "मी तुझ्यामागे," असं त्याला सांगून काका कोपऱ्यातली खुर्ची गाठतात आणि डोळे मिटून घेतात. इथे अमेरिकेत, जर्सी सिटीतल्या लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला भोवळ आली. बँकेतल्या मुलीने तर एकदा पाणी आणून दिलं. काकांनी ते सावकाश प्यायलं आणि तिला समजावलं, "मी बसलोय, पण माझा नंबर उभा आहे."

आम्ही दोघं नलूकाकूंच्या केटरिंगच्या किचनमध्ये कामाला. मी मिरजेचा, आठवीत शाळा सुटलेला, वडे-भजी तळणारा. काका कणीक मळतात, पोळ्या लाटतात. ते कोकणातले ज्यू. लहानपणी आईवडिलांबरोबर रेवदंड्याहून इस्रायलला गेले आणि तिथून इथे आले. त्यामुळे त्यांची मराठी त्या वयाचीच राहिली आहे. साठी उलटलेला हा माणूस चिडला की करंगळी पुढे करून "जा, कट्टी" म्हणतो.

काकांना हुकूम चालत नाही. "हाईम, पोळ्या लाव," म्हटलं की ते बाहेर जाऊन कबुतरांना दाणे टाकत बसतात. नलूकाकू आता शहाण्या झाल्यात. "हाईमभाऊ, आज पोळ्यांचा काही विचार?" असं छताकडे बघत विचारतात. मग काका तेवढाच विचार करून म्हणतात, "करू या की." मध्ये काकूंनी सगळ्यांना एकसारखे लाल टी-शर्ट आणले. काकांनी तो उलटा घातला, शिवण बाहेर. काकू म्हणाल्या, "अहो, निदान गिऱ्हाइकासमोर तरी." काका म्हणाले, "घातला ना? मग."

मी घाबरट माणूस. सुपरवायझर, पोलीस, दारावरचा वॉचमन, सगळ्यांपुढे माझे हात आपोआप जोडले जातात. म्हणून मला काकांचं भारी कौतुक. इतकं बिनधास्त कसं राहता येतं, असं एकदा विचारलंच. ते पोळी लाटत होते.

"बिनधास्त? अरे बाबा, मी पळपुटा आहे," ते म्हणाले. "तिथे इस्रायलात अठरा वर्षांचं झालं की सैन्यात जावं लागतं. भरतीच्या ऑफिसबाहेर ही लांब रांग. पुढे दोनच पोरं उरली आणि माझं पोट दुखायला लागलं. मागे बेनी होता, आमच्या रेवदंड्याचाच. त्याला म्हटलं, नंबर ठेव, आलोच."

"मग?"

"मग इथे आलो."

मध्ये बरंच काही झालं होतं. मालवाहू बोट, बोटीवरची भांडी, इथल्या तळघरातले हिवाळे. पण काका ते सगळं गिळून टाकतात. "मला माणसावर बंदूक धरता आली नसती," एवढंच म्हणाले. "झुरळ मारायचं तर मी नलूला हाक मारतो."

"आणि बेनी?"

"त्याने संध्याकाळपर्यंत नंबर ठेवला म्हणे. कुणी विचारलं की सांगायचा, येतोय तो. आईने नंतर फोनवर सांगितलं." लाटणं थांबलं. "मग तो सैन्यात गेला. पुढे बस चालवली. आता नातवंडं आहेत."

"बोलता का कधी?"

"काय बोलू? आलोच म्हणू?"

तव्यावरची पोळी करपली. काकांच्या हातची करपलेली पोळी मी तेवढीच पाहिली.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि माझ्या पासपोर्टची मुदत संपत आली. तो नवा झाला नाही तर कन्यादानाला मी फोनच्या पडद्यावर दिसणार होतो. रविवारी एका हॉलमध्ये भारतीय वकिलातीचा पासपोर्टचा कॅम्प होता. पहिल्या काही जणांचंच काम होणार, म्हणून लोक पहाटेच जातात. नेमकी त्याच सकाळी मुंजीची ऑर्डर. वडे मलाच तळायचे होते, आणि ज्या काकूंनी मला इथे आणलं, त्यांना नाही म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. मी आठवडाभर नुसता काळजी करत राहिलो. काकांनी कॅम्प कुठे आहे तेवढं विचारलं आणि पोळ्या लाटत राहिले. शनिवारी त्यांचा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार, म्हणून ते काम करत नाहीतच, आणि रविवारीही आले नाहीत.

शेवटचा घाणा काढला आणि तेलकट हातांनीच टॅक्सी पकडली. हॉलपाशी पोचलो तर रांगच नाही. लोक आपापल्या गाड्यांत हीटर लावून निवांत बसलेले. एक बाई काच खाली करून मला म्हणाल्या, "त्या आजोबांना विचारा शेवटचं कोण ते. सगळ्यांचे नंबर त्यांच्या डोक्यात आहेत."

दारापाशी, बर्फात, एकटे हाईमकाका उभे होते. नाक लाल, कोटाखाली तो लाल टी-शर्ट, उलटाच. दार उघडलं होतं आणि आतला माणूस पहिल्याला बोलवत होता. काका दार अडवून त्याला सांगत होते, "येतोय तो. येतोय."

मी धावत गेलो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खरंच येईन याची त्यांना खात्री नसावी.

"आलास?"

"आलो, काका."

"जा मग. नंबर तुझा आहे."

मला पाया पडायचं होतं, पण मागून गाड्यांची दारं उघडायला लागली होती. काका बाजूला झाले, बाकावरचा बर्फ हाताने झाडून बसले आणि पाय चोळू लागले. मी आत पाऊल टाकणार तोच हाक आली.

"दत्ता, तिकडे इस्रायलात आता काय असेल रे?"

"दुपार असेल, काका."

"मग बेनी जागा असेल," ते म्हणाले, आणि थंडीने आखडलेल्या बोटांनी कोटाच्या खिशात फोन शोधू लागले.