कंदील विझवणारे काका

बंबवाले काका अग्निशमन दलातून निवृत्त झाले, तरी शेजारीपाजारी त्यांना अजून त्याच नावाने ओळखत. घरातून निघताना ते गॅस बघत, दिवे बघत आणि जिन्यावरून परत येऊन पुन्हा गॅस बघत. अशा माणसापुढे लेकीने संगणक उघडून ठेवला आणि सांगितलं, "बाबा, हा खेळ त्याने स्वतः बनवलाय. रविवारी तो येईल तेव्हा नुसतं 'पाहिला' म्हणू नका, खेळा."

'तो' म्हणजे लेकीच्या मनातला मुलगा. खेळ त्याने सगळ्या जगाला फुकट वाटला होता, आणि ते ऐकूनच काकांची भुवई वर गेली होती. पण लेकीचा जीव त्याच्यावर आणि काकांचा लेकीवर. तिने एकदा विचारलं की काकांचा नकार टिकायचा नाही. म्हणून खेळ आवडावा असं त्यांनाही मनापासून वाटत होतं.

खेळात चित्र नव्हतंच. नुसती अक्षरं. 'तुम्ही एका खोलीत आहात. उत्तरेला कपाट, पश्चिमेला टेबल, पूर्वेला दार. टेबलावर कंदील जळतो आहे. काय कराल?' खाली आपण हुकूम लिहायचा.

काकांनी लिहिलं, 'कंदील विझव.'

'अंधार झाला. चाचपडताना तुम्ही पडून दगावलात. खेळ संपला.'

काकांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा कंदील विझवला आणि पुन्हा पडले. शनिवारभर हेच चाललं. काकू म्हणाल्या, "अहो, नका ना विझवू तो."

"पेटता कंदील मागे टाकून बाहेर पडू? जन्मभर लोकांना काय सांगत आलो मी?"

रविवारी सकाळी त्यांना युक्ती सुचली. धुराने भरलेल्या घरातून ते डोळे मिटून बाहेर पडत आले होते. मग ही खोली काय चीज? फक्त तिचा सराव हवा. त्यांनी मागच्या खोलीत संगणक नेला आणि खेळाबरहुकूम सामान लावायला घेतलं. टेबल पश्चिमेला गेलं. लोखंडी कपाट रेटत रेटत उत्तरेला नेलं, तेव्हा त्याचा पाय फुटक्या फरशीत रुतला. मग काकांच्या ध्यानात आलं, की या खोलीचं खरं दार उत्तरेलाच आहे आणि ते आत उघडतं. खिडकीला गज होते.

तेवढ्यात बेल वाजली.

काकूंनी दाराबाहेरून विचारलं, "तुमच्या दलाला फोन करू का?"

"केलास तर मी कायमचा इथेच राहीन," आतून उत्तर आलं. लिफ्टमधून, विहिरीतून माणसं काढणारा माणूस कपाटामागे सापडला, हे दलात कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण दुसऱ्याच्या घरात सुचणारं शहाणपण आपल्या घरात ऐनवेळी दडी मारून बसतं.

मग दारापलीकडून एक नवा आवाज आला. "काका, नमस्कार. खोलीत काय काय आहे?"

"टेबल. खुर्ची. सतरंजी. कपाट."

"कपाटात?"

"रजया."

"त्या बाहेर काढा. आता कपाट थोडं उचलून पायांखाली सतरंजी सरकवा. आणि ओढा."

कपाट हललं. काका घामाने निथळत बाहेर आले, वळून आतला दिवा बंद केला आणि मगच पाहुण्याकडे बघितलं. चहा घेताना मुलाने भीत भीत खेळाबद्दल विचारलं. काकांना खोटं बोलता येत नव्हतं.

"दिवा विझवणारा माणूस तुमच्या खेळात मरतो. हे मला पटलं नाही."

लेकीने कपाळाला हात लावला. मुलगा विचारात पडला. आजवर कंदील कुणी विझवलाच नव्हता, एवढंच म्हणून तो गेला. लेक दोन दिवस बापाशी बोलली नाही, आणि काकांना चहासुद्धा गोड लागेना.

मग एका संध्याकाळी तिने मुकाट्याने संगणक त्यांच्यासमोर आणून ठेवला. खेळ नव्याने आला होता. काकांनी सवयीने कंदील विझवला.

'विझवलात, बरं केलंत. रिकाम्या खोलीत जाळ ठेवू नये. खिडकीतून उजेड येतो आहे. दार पूर्वेला आहे.'

काकांनी चष्मा काढून पुसला. "मुलगा चांगला आहे," ते म्हणाले. "त्याच्या घरच्यांना बोलवा."

लेक हसली आणि डोळे पुसत फोनकडे धावली. काकांनी ऐटीत लिहिलं, 'पूर्वेला जा.'

पुढच्या खोलीत चूल धगधगत होती. काकांनी बाह्या वर सारल्या.