सोपं पोवळं

मृत्युनोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनानं घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पहिलं पोवळं आणलं, ते नवव्या दिवशी पांढरंफटक पडून मेलं. फांद्याफांद्यांचं, देखणं होतं. "हे नवशिक्याचं काम नाही," असं दुकानदारानं बजावलं होतं. पण बजावलेलं ऐकेल तो कारकून कसला?

दुसऱ्या खेपेला तो मान खाली घालून गेला. "सोपं द्या. मरणार नाही असं."

"मग हे घ्या. भूछत्रासारखं पसरतं." दगडावर चिकटलेली नाण्याएवढी तांबडी चकती. "उजेड थोडा, पाण्याचा झोत थोडा. आणि सारखा हात घालू नका. मालकाच्या मायेनंच जास्त मरतात ही."

घरी बायकोनं दगडाकडे पाहिलं. टाकीपायी तिचं शिलाई मशीन तीन महिने पलंगाखाली पडलं होतं. "हेही गेलं, तर टाकी बाहेर. कोपरा माझा. लिहून द्या."

त्यानं खरंच लिहून दिलं. खाली तारीख घातली.

चौथ्या दिवशी चकती आक्रसून हरभऱ्याएवढी झाली. कारकुनाला अन्न गोड लागेना. पाचव्या दिवशी दुपारी, समोर रांग ताटकळत असताना, त्यानं घरी फोन लावला.

"कसं आहे गं ते?"

पलीकडे मिक्सर घरघरत होता. "अहो, मेलं..." पुढचं मिक्सरनं गिळलं.

त्यानं फोन ठेवला. लोकांकडून मेल्याचे तीन-तीन पुरावे मागणारा, एक वेलांटी चुकली म्हणून विधवेला परत पाठवणारा हा माणूस, पण घरच्या एका शब्दावर त्याचा काळजापासून विश्वास बसला.

"साहेब, अर्धा दिवस रजा हवी. घरात... गेलं."

साहेब उभे राहिले. "कोण?"

"नवीनच आलं होतं. आठवडासुद्धा झाला नव्हता."

साहेबांनी पुढं विचारलं नाही. त्यांनी रांगेच्या तोंडावर खिडकी लावली आणि सगळं खातं दोन मिनिटं उभं केलं.

कारकून तडक दुकानात. "मरणार नाही म्हणालात! चला, टाकीच उचला. फुकट न्या. डोळ्यांसमोर नको मला."

दुकानदार दोन बादल्या घेऊन मागोमाग आला. बायकोनं दार उघडलं. "या वेळी? आणि बादल्या कशाला?"

"मेलं ना? तूच म्हणालीस."

"मी? मी म्हटलं, मेलं काय सुरेख फुललंय!"

चकती वाटीच्या तोंडाएवढी पसरली होती. कारकुनाचा हात आपोआप पाण्याकडे गेला. तिनं मनगटावर चापट मारली.

"बरं, भाऊ, राहू द्या टाकी," तो ओशाळून दुकानदाराला म्हणाला.

"थांबा. भाऊ, यांनी टाकी तुम्हाला देऊन टाकली ना?"

"दिली, वहिनी. फुकट."

"मग मला द्या."

"घ्या की!" दुकानदार बादली पालथी घालून बसला. "फक्त एक सांगतो. पाणी उडतं, मीठ मागं राहतं. उडालेलं भरून काढताना गोडंच पाणी घाला."

"तेच घालतेय, हे ऑफिसला गेले की. हे खारं घालायचे. पहिलं त्यानंच गेलं."

कारकुनानं पलंगाकडे पाहिलं. "आणि तुझं मशीन?"

"राहू दे पलंगाखाली. तुम्ही जरा मागं व्हा. सावली पडतेय त्याच्यावर."