मोटारखान्यातील सात सुतांची हकीकत

श्रीचरणी मस्तक ठेवून, जे डोळ्यांनी पाहिले आणि पट्टीने मोजले, तेवढेच येथे लिहिले असे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक वद्य चतुर्थी, मंगळवार. ते दिवशी राज्याच्या मोटारखान्यात वाहने बारा, पैकी चालती अकरा. सारथी तेरा, पैकी घरी बसवलेला एक. गुलाबबागेच्या भिंतीस भगदाड एक, रुंदी सात हात. फुटक्या कुंड्या चार. आणि दिवाण अंबरराव यांचा डावा हात गळ्यात बांधलेला. ऐशी मोजदाद यंत्रपरीक्षक सगुणाबाई यांनी केली आणि मग चहा मागवला, तो गार आला, आणि त्यांनी तो तसाच घेतला, कारण दोन वर्षांत आपोआप उधळलेल्या वाहनांची ही पाचवी चौकशी होती आणि गरम चहाची अपेक्षा त्यांनी तिसऱ्या चौकशीतच सोडली होती.

वर्तमान ऐसे की, आदले दिवशी सोमवारी सारथी हरबाजी कोंढाळकर दिवाणजींस घेऊन राजवाड्याचा चढ चढत होते. चढ खडा, म्हणोन त्यांनी रेसचे पेडल तळापर्यंत दाबले, आणि माथ्यावर येताच पाय उचलला, परंतु वाहन थांबेना, उलट अधिक जोर धरून गुलाबबागेकडे निघाले, आणि हरबाजींनी तीन वेळा ब्रेक दाबला, आणि मग गिअर सोडवला, तोवर भिंत आली. मनुष्यहानी जाहली नाही. दरबारात निकाल तयारच होता, की सारथ्याचा पाय चुकला, ब्रेक समजून रेस दाबली, सबब परवाना जप्त करून एकतीस वर्षांची चाकरी संपवावी. खाली सगुणाबाईंची सही तेवढी बाकी होती.

दिवाणजी म्हणाले, "बाई, सही करा आणि मोकळ्या व्हा. मी स्वतः गाडीत होतो."

"आपण कोठे बसला होता?"

"मागे."

"डोळे उघडे होते?"

"सुरुवातीस होते," दिवाणजींनी सांगितले.

मग सगुणाबाई देवडीवर आल्या. तेथे हरबाजी सकाळपासून उभे होते. ते म्हणाले, "बाईसाहेब, एकतीस वर्षे हा पाय चुकला नाही, तो नेमका सोमवारी चुकला काय?"

"एकतीस वर्षे चुकला नाही, हा पुरावा होत नाही, हरबाजी."

"मग पुरावा कशाला म्हणतात?"

"तेच शोधते आहे. तुम्ही बसा आधी. उभे राहून पाय खरेच चुकायचा."

सगुणाबाईंस ठाऊक होते की बहुतेक वेळी पायच चुकतो. मनुष्य घाबरला की चुकीचे पेडल अधिकच जोराने दाबतो आणि वर शपथ घेतो की ब्रेकच दाबला होता. मागील चार चौकशांत त्यांनी तसेच लिहिले होते आणि ते खरे होते. तरी त्या एकेक कारण काढत गेल्या. इंजिनात हवा सोडणारी झडप धुळीने चिकटली असावी, म्हणोन ती उघडली, ती साफ निघाली. पेडलाची खूण इंजिनास कळवणारा सेन्सर बिघडला असावा, म्हणोन तो तपासला, तो बिनचूक निघाला. वेग आपोआप राखणारी कळ लागली असावी, तर ती कळ या वाहनास नव्हतीच. मग वाहनाच्या स्मरणपेटीतील नोंद वाचली. तीत सहा सेकंद रेसचे पेडल तळाशी होते, आणि त्याच सहा सेकंदांत ब्रेक तीन वेळा दाबलेला होता. वाहन जुन्या घडणीचे, ब्रेक दाबता रेस आपोआप तुटावी ऐशी सोय त्यात नव्हती, आणि इंजिन भरधाव असता ब्रेक सोडून सोडून दाबला तर त्याचे बळ ओसरते. म्हणजे पाय ब्रेकवर होता, तर रेस कोणी दाबून धरली, एवढाच प्रश्न उरला.

तेव्हा सगुणाबाई मान वाकडी करून सारथ्याच्या जागी पायांखाली शिरल्या, आणि बाहेर आल्या तो कपाळावर कुंकू लागलेले.

"हरबाजी, येथे रबरी मॅट किती आहेत?"

"तीन."

"तीन कशास?"

"ही गाडी येऊन दोन दसरे झाले. दर दसऱ्यास गाडीची पूजा होते, तेव्हा नवी मॅट अंथरतो. जुनीवर कुंकू-अक्षता पडलेल्या. ती उचलून कचऱ्यात कशी टाकायची? म्हणून तिच्यावरच नवी घालतो. सगळेच घालतात."

"आणि मला कोणी सांगितले नाही."

"तुम्ही इंजिनाबद्दल विचारत होतात," हरबाजी म्हणाले.

सर्वांत खालची मॅट खुंट्यांस अडकवलेली होती; वरच्या दोन मोकळ्या, आणि त्या पुढे सरकल्या होत्या. पेडल तळाशी नेले असता एका मॅटीवर आठ सूत, म्हणजे एक इंच, फट राहत होती, दोहोंवर साडेचार, तिहींवर एक. मग सगुणाबाईंनी तीन मॅटींवर पेडल वीस वेळा दाबले, ते चौदा वेळा मॅटीच्या कडेखाली अडकून राहिले. वरच्या दोन काढून वीस वेळा दाबले, ते वीसही वेळा वर आले.

दिवाणजींनी या मोजमापाचा कागद दोनदा वाचला आणि विचारले, "म्हणजे दोष दसऱ्याचा म्हणायचा?"

"दोष सात सुतांचा, सरकार. आठातले एकच उरले होते."

"हे दरबारात मी सांगू?"

"कागद वाचून दाखवा. आपला एक हात मोकळा आहे."

दिवाणजींनी उजव्या हाताने जुना निकाल रद्द केला, आणि परवाना हरबाजींच्या हाती दिला, आणि हरबाजींनी तो डोळ्यांस लावला. मग हुकूम निघाला की प्रत्येक वाहनात मॅट एकच असावी, फट सहा सुतांहून कमी नसावी, आणि पूजेच्या जुन्या मॅट मानाने देवडीच्या ओट्यावर अंथराव्या. हुकूम तेराही सारथ्यांस वाचून दाखवला, आणि तेराही जणांनी मान डोलावली.

सारांश, शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध एकादशी, दसऱ्याचा दुसरा दिवस, सगुणाबाई पट्टी घेऊन मोटारखान्यात गेल्या. वाहने बारा. एक मॅट, वाहने तीन. दोन मॅट, वाहने नऊ. हरबाजींच्या वाहनात मॅट दोन, फट साडेचार सूत.