नकाशातला मोकळा पट्टा

चर्रर्र.

दुपारची शांतता होती, म्हणजे खारू झोपली असावी अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पण हा आवाज चिकटपट्टीचा होता. सामान हलवणाऱ्या कंपनीवर ज्या घराचं पोट चालतं, त्या घरात हा आवाज ओळखायला वेळ लागत नाही. आत जाऊन पाहिलं, तर आमच्या साडेचार वर्षांच्या कन्येने बाहुली, एक मोजा आणि माझा चष्मा पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून वर तिसरा वेढा चढवला होता.

"हे काय चाललंय?"

"बदली," खारू म्हणाली. "बाहुलीची."

"कुठे झाली?"

"ते गेल्यावर कळतं."

खारूचे आईबाबा दोघंही एकाच कंपनीत. बाबा बांधाबांध विभागात आणि मी विश्लेषण विभागात, म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला. हे आमचं तिसरं घर. आधीच्या दोन घरांत खारूने खेळण्यांचा खोका कधी पुरता रिकामाच केला नाही. काढलेलं पुन्हा भरावं लागतं, हे तिला अनुभवाने ठाऊक. इथे मात्र समोरच्या दारात गट्टू निघाली. गट्टू वयाने तेवढीच, आवाजाने दुप्पट. दोघींनी मिळून तो खोका पुरता रिकामा केला आणि त्यातच बसून जेवल्या. त्या दिवशी मी ठरवलं, आता काही झालं तरी इथून हलायचं नाही.

म्हणून बदल्यांचा हंगाम जवळ येताच विभागप्रमुखांना गाठलं.

"अहो बाई, आपली कंपनी माणसांना हलवणारी," ते म्हणाले. "आपणच जागेवर बसलो, तर लोकांपुढे काय आदर्श?" मग आवाज उतरवून, "मोठ्या साहेबांना आपल्या शाखांच्या भौगोलिक विस्ताराचं विश्लेषण हवंय. शाखा कुठे दाट, कुठे विरळ, आणि का. तेवढं झकास करा. तुमचं बघू."

आमच्या कंपनीत 'बघू' याहून पक्कं आश्वासन आजवर कुणाला मिळालेलं नाही. मी कामाला लागले.

नकाशा टेबलावर पसरला. एका शाखेला एक चिकटवायचा लाल ठिपका. खारू झोपली, की ठिपके नकाशावर. खारू उठली, की तेच ठिपके गट्टूच्या नाकावर. अशा रीतीने, नाकांवरचे वजा करत, विश्लेषण पुढे सरकत राहिलं. खालच्या कोपऱ्यात ठिपक्यांना जागा पुरेना; तिथे एकाच रस्त्यावर आमच्या तीन शाखा होत्या. मधोमध मात्र एक रुंद पट्टा कोराच. दाट भागातले लोक फार घरं बदलत असतील, असं सरळ अनुमान काढून मी तिथल्या एका शाखाधिकाऱ्याला फोन लावला.

"तुमच्याकडे गिऱ्हाइकं बरीच दिसतात."

"गिऱ्हाइकं?" ते दचकले. "तशी दोन बिऱ्हाडं हलवली मध्यंतरी."

"कुणाची?"

"एक माझ्या आधीच्या अधिकाऱ्याचं. तो गेला ना. आणि एक माझं. मी आलो."

मी नियम उघडून बसले. कर्मचाऱ्याचं बिऱ्हाड कंपनीच्याच गाडीने न्यायचं आणि ते त्या शाखेच्या व्यवसायात धरायचं. म्हणजे अधिकारी आला, की व्यवसाय वाढतो. व्यवसाय वाढला, की शेजारी दुसरी शाखा मंजूर होते. तिला अधिकारी लागतो. तो बिऱ्हाडासकट येतो. थोडक्यात, आमची कंपनी इतकी वर्षं स्वतःलाच उचलून इकडून तिकडे ठेवत होती आणि दर वेळी स्वतःची पाठ थोपटत होती.

"हे असंच्या असं सांगणारेस?" खारूच्या बाबाने विचारलं. तो कचऱ्याच्या पिशवीला सवयीने दुहेरी गाठ मारून वर 'नाजूक' अशी चिठ्ठी लावत होता.

"खरं आहे ना पण."

"म्हणून तर विचारतोय."

बैठकीत मी खरं ते सांगितलं. मोठ्या साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, थांबली एकदाची बदली. नोकरीच गेली, तर बदली कशाची?

"म्हणजे," साहेब सद्गदित होऊन म्हणाले, "आपल्या माणसांचा आपल्याच सेवेवर इतका विश्वास आहे?"

टाळ्या पडल्या. हे 'अंतर्गत ग्राहक' जपण्यासाठी बदल्या वर्षातून दोनदा कराव्यात असं ठरलं. प्रसिद्धी विभागाला चारदा हव्या होत्या. एका उत्साही गृहस्थांनी मजल्यावरून मजल्यावर बदली सुचवली. तीत लिफ्टला गाडी समजावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या अध्यक्षतेखाली लगेच समिती झाली.

"आणि हा मधला पट्टा?" साहेबांनी बोट ठेवलं. "इथे शाखा का नाही?"

"तिथली माणसं हलत नाहीत, साहेब. मी तिथेच राहते ना. आमच्या समोरच्या बाई जन्मल्या त्याच घरात आहेत. लोक एकमेकांकडे घराच्या किल्ल्या ठेवतात."

"किल्ल्या?" साहेबांचा चेहरा गंभीर झाला. "हे कधीपासून चालू आहे?"

पट्टा तिथल्या तिथे 'स्थैर्यग्रस्त' घोषित झाला. तातडीची शाखा मंजूर झाली, आणि भागाची खडान् खडा माहिती असल्यामुळे शाखाधिकारी मीच. कार्यालय तेच टेबल, फक्त आता दोन्ही टोकं.

"बघू म्हणालो होतो ना?" विभागप्रमुख बाहेर येऊन म्हणाले. "तुमची बदली कायमची रद्द."

घरी येऊन मी खारूला उचलून गरागरा फिरवलं. आपण इथेच राहणार, हे तिने समोरच्या दारात जाऊन इतक्या जोरात जाहीर केलं, की आतून गट्टूनेही तेच परत ओरडून सांगितलं.

एकच तांत्रिक अडचण होती. नियमाप्रमाणे नवा अधिकारी बिऱ्हाडासकट 'आला' पाहिजे. तेव्हा उद्घाटनाच्या दिवशी आमचं सगळं घर खाली उतरवून गाडीत भरलं, चौकातून फेरी मारली आणि परत वर चढवलं. या प्रवासात एक कपाट कायमचं तिरकं झालं. शेजारीपाजारी खिडक्यांतून बघत होते.

"तुमच्या त्या डुगडुगत्या स्टुलाला किती मायेने गुंडाळलं हो," गट्टूची आई म्हणाली. "आमच्या वस्तूंकडे कुणी असं बघितलेलंसुद्धा नाही."

मी हसले. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

उद्घाटनाची सवलत म्हणून पट्ट्यातली बिऱ्हाडं फुकट हलवायची होती. पत्रकं मीच वाटली. घेणार कोण, या भरवशावर. संध्याकाळी दारात रांग. सगळ्यांत पुढे वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर.

"मास्तर, तुम्ही कुठे निघालात?"

"ते पाहता येईल नंतर. फुकट आहे तोवर नाव तर घाल."

हसू नका. फुकट मिळाली म्हणून घेतलेली आणि एकदाही न उघडलेली वस्तू तुमच्या माळ्यावर आहे, हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. ती गुंडाळतो आम्हीच.

रांगेच्या शेवटी गट्टूची आई होती.

"अहो, तुम्हीसुद्धा? कुठे जाणार?"

"तसं काही ठरलं नाही. पण सगळेच चाललेत, मग आम्हीच काय मागे राहायचं?" तिने माझ्या हातात काहीतरी ठेवलं. "ही तुमची किल्ली. आता दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा हं."

दोन दिवसांनी मोठ्या साहेबांचा फोन आला. पट्ट्याने उद्दिष्ट ओलांडलं होतं, आणि सर्वोत्तम शाखा म्हणून माझा सत्कार होता. मी आभार मानत होते, तेवढ्यात समोरच्या दारातून आवाज आला. चर्रर्र. हात ओळखीचा होता. असा एका दमात वेढा फक्त खारूच्या बाबाला जमतो. खारू उंबऱ्यावर बसून ऐकत होती. गट्टूचा आवाज येत नव्हता.

गट्टूच्या सामानाची गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाल्यावर खारू आत आली. खेळण्यांचा खोका ओढत टेबलाखाली नेला, त्यात बसली आणि नकाशाच्या लोंबत्या कडेला बराच वेळ बघत राहिली.

"आई, सामान जिथल्या तिथे ठेवणारी कंपनी असते का गं?"

मी हातात तसाच राहिलेला फोन खाली ठेवला.

"तिची शाखा कुठे आहे?" खारूने विचारलं.